होडीवरील सूर्यवीज आणि तिचा दरवाजा

आमच्या कुसगावाजवळच वलवणचा तलाव आहे. त्याचें व लोणावळ्याच्या तलावाचें पाणी घाटाखालीं खोपोलीस नेऊन १९१५ सालापासून टाटांच्या वीजगृहांत वीज निर्माण होत आली आहे. सह्याद्रीवर पाऊस चारच महिने. म्हणून पाणी सांठवावें लागतें, आणि सांठविलेल्या पाण्यास दरवाजे लागतात. परंतु सौर पॅनेल व बॅटरी घेतांना मात्र पुष्कळ शहाणीं माणसें मधला दरवाजा, म्हणजे चार्ज कंट्रोलर, फुकटचा खर्च म्हणून वगळतात. आमच्या मतें ही काटकसर नव्हे.

समजा, पवना धरणाच्या जलाशयावर एका होडीवाल्यानें रात्रीच्या दिव्यासाठीं पॅनेल बसविलें. तो म्हणेल, 'दिवसां येईल तें रात्रीं खर्च होईल. बॅटरी फाजील भरेलच कशी?' प्रश्न बिनतोड वाटतो. पण होडी आठ दिवस कांठाला बांधलेली राहिली म्हणजे खर्च शून्य आणि ऊन पूर्ण! बारा व्होल्टचें म्हणून मिळणारें पॅनेल कडक उन्हांत १८ व्होल्टपर्यंत दाब देऊं शकतें. शिशाच्या बॅटरीस भरतांना सुमारें १४.४ व्होल्ट पुरेत, व भरल्यावर तो दाब १३.६ च्या आसपास उतरवावा लागतो. तसें न केल्यास आंतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायु सुटतात, पाणी आटतें आणि उघड्या पडलेल्या पट्ट्या निकामी होतात. घरीं निदान खिडकी उघडी असते. होडीच्या झांकलेल्या कप्प्यांत हायड्रोजन छताशीं कोंडून राहतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चार झालें कीं एक ठिणगी पुरते.

उलट बाजूहि आहे. श्रावणांत मावळांत दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. तेव्हां दिवा जळतच ठेवला तर बॅटरी तळाशीं जाते, व तशीच राहिली तर पट्ट्यांवर क्षार घट्ट बसून ती पुन्हा पूर्ण भरत नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पांच मूर्ख कुमारींना तेल निदान विकत आणतां येण्याजोगें होतें. भर पाण्यांतील होडीस तीहि सोय नाहीं. हें खरें कीं, चांगला कंट्रोलर अशा वेळीं बॅटरी वांचविण्यासाठीं दिवाच मालवितो. म्हणून होडींत एक निराळी हातबत्ती असावी, असा आमचा आग्रह आहे.

केरळांत वैकम येथें २०१७ सालीं ७५ उतारूंची 'आदित्य' नौका सूर्यविजेवर चालूं लागली. तिच्या लिथियम बॅटऱ्यांवर तर नियामक यंत्रणेचा पहारा अखंड लागतो. मोठ्या नौकेस जें आवश्यक, तें होडीवाल्यास चैन कसें ठरतें?

पैसे कमी पडत असल्यास पॅनेल लहान घ्यावें, पण कंट्रोलर सोडूं नये. आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरींतील पाण्याची पातळी अवश्य पाहावी. मात्र वडिलांच्या देखत, कारण आंत गंधकाम्ल असतें.