नवी सुई कोणाला वाचवते?

दारूबंदीच्या लढ्यातून घडलेल्या आपल्यासारख्या गटांपुढे हा विषय मांडणे सोपे नाही. सुईने नशा करणाऱ्या माणसाला सरकारी पैशाने नव्या सुया द्यायच्या, एवढे ऐकले की बायका आधी संतापतात. "आम्ही बाटली आडवी करायची आणि तुम्ही सुया वाटायच्या?" अंथुर्णे-लासुर्णे भागात बचत गटांच्या बैठकीत हा सवाल हमखास येतो. सवाल रास्त आहे. कारखान्याकडून आलेले उसाचे बिल घरी पोचण्याआधीच दारूत गेलेले ज्या बाईने वर्षानुवर्षे पाहिले, तिने व्यसनी माणसाला दया का दाखवावी?

पण हा दयेचा प्रश्नच नाही. त्या माणसाला कोणी माफ करा, असे मी म्हणत नाही. मी विचारते आहे ते त्याच्या घरातल्या बाईबद्दल.

आधी हे काम चालते कसे ते पाहू. एचआयव्ही ताटातून, पाण्यातून, शेजारी बसून पसरत नाही, हे आपण गेली अनेक वर्षे गावोगाव सांगत आलो आहोत. सुईचे मात्र तसे नाही. नशेचे इंजेक्शन घेणारा माणूस सुई शिरेत नीट गेली की नाही हे पाहायला दट्ट्या थोडा मागे ओढतो, आणि त्याचे रक्त सिरिंजमध्ये येते. तीच सिरिंज दुसऱ्याने घेतली की ते रक्त सरळ त्याच्या शिरेत जाते. नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही. एचआयव्ही आणि यकृत खाणारी कावीळ, दोन्ही याच वाटेने जातात. म्हणून वापरलेली सुई परत घ्यायची आणि तिच्या बदल्यात निर्जंतुक सुई द्यायची, एवढाच हा कार्यक्रम. परत आलेल्या सुया नीट नष्ट होतात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बायकांच्या आणि रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांच्या हातापायात त्या घुसत नाहीत. हा फायदा कोणी सहसा मोजत नाही.

महाराष्ट्रात हे काम नवे नाही. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आले, तेव्हा डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांना पहिल्यांदा समजले ते बरेचसे त्या कामातून. पुढे मुंबईत गर्द ओढणाऱ्यांपैकी काहीजण सुईकडे वळले. फुटपाथवर, रेल्वेच्या रुळांकडेला राहणारी ही माणसे. ज्यांना लोक 'गर्दुल्ले' म्हणून हाकलतात आणि जी व्यसनमुक्ती केंद्राची पायरी कधी चढत नाहीत, ती. १९९५ मध्ये सुरू झालेल्या संकल्प या संस्थेने त्यांच्यापर्यंत जाऊन काम उभे केले. सुई बदलून द्यायची, जखमेची मलमपट्टी करायची, तपासणीला न्यायचे. नशा सोडायची तयारी झाली तर पुढची वाट दाखवायची आणि नाही झाली तरी उद्या पुन्हा यायचे.

आता बाईकडे येऊ. मणिपुरात १९८९ च्या अखेरीस सुईने नशा करणाऱ्यांमध्ये पहिले बाधित सापडले आणि काही महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघाले. आग लागावी तसा हा रोग पसरला. मग १९९० च्या दशकात चुराचांदपूर येथे अशा बाधित पुरुषांच्या बायकांची पाहणी झाली. या बायकांनी स्वतः कधी नशेची सुई घेतलेली नव्हती. त्यांतल्या सुमारे ४५ टक्के बाधित होत्या. हा आकडा प्रत्येक महिला मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या नवऱ्यांना वेळेवर नवी सुई मिळाली असती, तर यांतल्या कितीजणी वाचल्या असत्या?

हे मणिपुरात घडले, जिथे नशेविरुद्ध बायकांचा लढा आपल्याहून जुना आणि कडवा आहे. १९७० च्या दशकात तिथल्या बायका रात्री गस्त घालून दारुड्यांना पकडत. त्यातूनच मशाली घेऊन निघणाऱ्या मैरा पैबी उभ्या राहिल्या. पण सिरिंजमधल्या रक्तापुढे गस्तीचे काही चालत नाही. धरपकडीच्या भीतीने माणूस लपतो, आणि लपलेला माणूस हाती येईल ती सुई वापरतो. इंफाळमध्ये स्वतः नशेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'सासो' ही संस्था काढली आणि सुया बदलून देण्याचे काम हाती घेतले. रागाला जे जमले नव्हते ते या कामाला जमू लागले.

सुईने नशा करणाऱ्या बायकाही आहेत, त्यांच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. पुष्कळदा तिला सुई टोचतो तो तिचा जोडीदार, आणि आधी स्वतः घेऊन मग त्याच सुईने तिला देतो. जेवायला बाई शेवटी बसते, तशी इथेही तिची पाळी नंतरची. केंद्रावर बहुतेक सगळे पुरुष, मूल कडेवर घेऊन जायची सोय नाही, आणि गेलीच तर "आई असून?" हे ऐकून घ्यायचे.

"सुया वाटल्या तर नशा वाढेल" या आक्षेपाचे उत्तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. १९९२ पासून सांगलीत 'संग्राम'ने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम सुरू केले आणि त्याच स्त्रिया एकमेकींना कंडोम देऊ लागल्या. तेव्हाही हेच म्हटले गेले, की तुम्ही धंद्याला उत्तेजन देता. धंदा कंडोममुळे चालत नव्हता, आणि नशा सुईमुळे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जगभरचे अभ्यास तपासले. सुया बदलून दिल्याने एचआयव्हीचा प्रसार घटतो आणि नशा वाढल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्यांना हे काम शहरी वाटते त्यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील ऑस्टिनकडे पाहावे. चारेक हजार वस्तीचे गाव. २०१५ च्या सुमारास वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेण्याच्या नादात त्या परिसरात सुमारे २०० जणांना लागण झाली. सुया बदलून देण्यास तोवर विरोध करणाऱ्या राज्यपालांना परवानगी द्यावी लागली आणि साथ ओसरली. एवढे होऊनही २०२१ मध्ये तिथल्या स्थानिक प्रतिनिधींनी ते केंद्र बंद करण्याच्या बाजूने मत दिले. शहाणपण टिकवणे सगळीकडेच अवघड असते म्हणायचे!

आपल्याकडचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने, जो २०१८ मध्ये अमलात आला, अशा कार्यक्रमात सुई देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही असे उदाहरणासह लिहून ठेवले आहे. ठाण्यातल्या हवालदाराला मात्र ते ठाऊक असतेच असे नाही. त्याच २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये बाधेचे प्रमाण ६ टक्क्यांच्या वर होते, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये दीड टक्क्याच्या आसपास. तरी गावात एड्सचा विषय निघाला की बोट कोणाकडे जाते, ते तुम्हीच आठवा.

"आमच्याकडे कुठे आहे गर्द?" असे इंदापूर-बारामतीकडच्या मैत्रिणी विचारतील. गर्द नसेल. पण रक्तदाब वाढवण्यासाठी, मुख्यतः भूल देताना वापरायचे मेफेन्टरमिन हे इंजेक्शन शरीर कमावण्याच्या वेडापायी तरुण मुले टोचून घेतात. पुणे जिल्ह्यात त्याचे साठे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. व्यायामशाळेच्या मागे चार मित्र, एक बाटली आणि एकच सिरिंज असेल, तर धोका मुंबईच्या फुटपाथवर आहे तोच आहे. ही मुले स्वतःला व्यसनी समजत नाहीत, त्यामुळे व्यसनमुक्तीची पत्रके त्यांच्यासाठी कोरी. आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांची लग्ने व्हायची आहेत.

माझी तक्रार या कार्यक्रमांबद्दलही आहे. त्यात सुया मोजतात, घरातल्या बायका मोजत नाहीत. नवऱ्याला उपचाराला आणायला बायको हवी असते. तिची स्वतःची तपासणी, तीही तिच्या संमतीने आणि तिचा निकाल सासरी न कळवता, हे काम कोणाच्याच यादीत पहिले नसते. तिला औषधे मिळतील, पण नवरा गेल्यावर राहत्या घरातला तिचा हक्क कोण पाहणार? हे आपणच मागायला हवे. त्यासाठी आधी सुया बदलून देण्याच्या कामाच्या बाजूने उभे राहावे लागेल. बाहेरून नाक मुरडणाऱ्यांचे कोण ऐकते?

येत्या महिला ग्रामसभेत दोन गोष्टी मांडता येतील. एक, आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकाने व्यायामशाळांत आणि तालमींत जाऊन सुईबद्दल सरळ भाषेत बोलावे, आणि १०९७ हा एचआयव्हीच्या माहितीचा मोफत क्रमांक तिथे लावावा. दुसरी जरा वादाची आहे. मेफेन्टरमिन चोरून विकणाऱ्यावर कारवाई मागाच, पण त्या भरात औषध दुकानदाराला "पोरांना सिरिंज देऊ नका" असे बजावू नका. एडिंबरात १९८० च्या दशकात पोलिसांनी नेमके हेच केले होते, सुया मिळेनाशा केल्या. तिथे नशा करणारे उरल्यासुरल्या सुया आपसात वापरत राहिले, आणि तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास बाधित निघाले.