शब्द आमचे, की उसने?

गेल्या वर्षी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर आम्ही निबंध लिहिला. त्यात खवळलेला सागर होता, माडांच्या रांगा होत्या, ‘निसर्गदेवतेचे रौद्र तांडव’ही होते. निबंध वाचून होताच गुरुजींनी एवढेच विचारले, “हा समुद्र कोठे पाहिला?” वर्ग हसला. आम्ही मुकाट्याने खाली बसलो. कारण तो समुद्र आम्ही निबंधमालेतच पाहिला होता.

असे का व्हावे? सुटीत पुण्यास गेलो की आमच्या कानडी हेलावर भावंडे हसत. त्या संकोचाने आम्ही लिहिताना घरची भाषा लपवू लागलो आणि जड शब्दांची झूल पांघरू लागलो. शब्द वाढले, म्हणजे लेखन वाढले, असा आमचा भ्रम होता.

तो भ्रम आमच्याच गावाने दूर केला. कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी धारवाडच्या महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकविले आणि येथेच राहून मराठी कथा लिहिली. ‘निळासावळा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५९ साली, म्हणजे पस्तिशी उलटल्यावर प्रसिद्ध झाला. कानडी मुलखातील माणसे व नावे त्यांनी लपविली नाहीत. उलट त्यांनीच मराठी कथेस नवे ऐश्वर्य दिले. साधनकेरीचे द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांची तर घरची भाषा मराठी. तथापि ते कन्नडचे महाकवी झाले, आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणे हे वैगुण्य नव्हे, ते धन आहे.

तेव्हापासून आम्ही स्वतःस तीन सवयी लावून घेतल्या आहेत. पाहिलेले त्याच दिवशी वहीत टिपावयाचे. पहिला खर्डा एक रात्र बाजूस ठेवावयाचा. सकाळी तो मोठ्याने वाचावयाचा, आणि जेथे जीभ अडखळेल तेथील शब्द खोडावयाचा. तिसरी सवय सर्वांत कठीण. कारण खोडावा लागणारा शब्द बहुधा आपल्या आवडीचाच असतो!

तो निबंध आम्ही पुन्हा लिहिला. आता त्यात भिजलेला बाजार आहे. भाजीवालीस आई “एष्टु?” असे कानडीत विचारते, आणि भाव ऐकून “अगबाई!” असे मराठीत उद्गारते. निबंध पूर्वीपेक्षा आखूड झाला. अलंकार उरले नाहीत. मात्र तो ऐकताना आई हसली आणि म्हणाली, “हे अगदी आपल्याकडचं आहे.” इतकी शाबासकी आम्हांस त्या सागराने कधी मिळवून दिली नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत सुभाषितांना गुण मिळतात, हे आम्हीही जाणतो. परंतु उसन्या दागिन्यांनी नटलेले लेखन अखेर ज्याचे त्यास परत करावे लागते. आपल्या अंगणात भिजून लिहिलेले एकच वाक्य आपले राहते. लेखकाची वाढ मोजावयाची ती अशा वाक्यांनीच मोजावी, असे आमचे नम्र मत आहे.