बदली दिल्लीला झाली? थंडीची चौकशी आधी करा

नोकरी बँकेतली असो, रेल्वेतली असो वा गुरुग्राम-नोएडातल्या एखाद्या कंपनीतली. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाची दिल्लीकडे बदली झाली की पहिली चौकशी होते घरभाड्याची आणि मुलांच्या शाळेची. थंडीचा विषय निघालाच, तर 'दोन स्वेटर जास्त घेऊ' म्हणून संपतो. नाशिक-निफाडची थंडी अनुभवलेल्यांना तर त्यात विशेष काही वाटत नाही. एका अर्थी त्यांचे बरोबरही आहे. जानेवारीत दिल्लीचे सरासरी किमान तापमान सात-आठ अंश सेल्सियस असते आणि निफाडला पारा कधी कधी याहूनही खाली उतरतो. मग दिल्लीच्या थंडीचा एवढा बोलबाला कशासाठी?

याचे उत्तर पहाटेच्या आकड्यात नाही, दुपारच्या आकड्यात आहे. महाराष्ट्रात पहाटे कितीही गारठा असला, तरी दहाच्या सुमारास ऊन तापते आणि स्वेटर काढावा लागतो. उत्तरेच्या मैदानी भागात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी अखेरीपर्यंत असे काही दिवस येतात की, धुक्याआड सूर्य दिसतच नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दिवसाचे कमाल तापमान अवघे ९.४ अंश नोंदले गेले. पुण्यात थंडीच्या पहाटे जेवढा गारठा असतो, तेवढा तिथे भर दुपारी होता! असे दिवस ओळीने आले की भिंती, फरशी, अंथरूण, सगळेच गारठून जाते.

या गारठ्याची चाहूल आधी लागू शकते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात पहाडांवर बर्फ आणि मैदानात पाऊस देतात. आभाळ भरलेले असते तोवर रात्री फारशा थंड नसतात. ते पुढे सरकले की आकाश निवळते, वायव्येकडून बोचरे वारे सुटतात आणि पारा घसरतो. पावसाने आलेल्या दमटपणामुळे धुकेही दाटते. म्हणून जानेवारीत पाऊस पडून गेला की पुढच्या दोन-तीन दिवसांची तयारी ठेवावी. मैदानी भागात किमान तापमान चार अंशांवर किंवा त्याखाली आले की हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते.

घर बघताना ऊन बघा

दिल्लीकडची घरे मुख्यतः उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. उंच छत, गार फरशी आणि फटी राहिलेली दारे-खिडक्या मे महिन्यात सुखाच्या वाटतात, जानेवारीत नकोशा होतात. घर उबदार ठेवण्याची सोय इमारतीत सहसा नसते. त्यामुळे ऊन पडलेल्या दिवशी बाहेरपेक्षा घरातच जास्त थंडी वाजते. दुपारी गच्चीवर चटया टाकून मटार सोलत बसलेल्या बायका दिसतात, त्याचे कारण हेच.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून दक्षिणेला खिडकी किंवा गॅलरी असलेले घर मिळाले, तर थोडे जास्त भाडेही परवडते. मात्र समोरच्या इमारतीची सावली पडत नाही ना, हे पाहून घ्यावे. आजी-आजोबा सोबत असतील तर ती उन्हाची खोली त्यांना द्यावी.

थर महत्त्वाचे, जाडी नव्हे

एका जाडजूड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर जास्त ऊब देतात, कारण थरांमध्ये अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आत अंगालगत बसणारी थर्मलची जोडी, वर लोकरीचा स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे जाकीट असावे. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि घरात घालायच्या बंद चपला यांची गरज पहिल्याच आठवड्यात पटते. सगळी खरेदी महाराष्ट्रातून करून नेण्याचे कारण नाही. लुधियानाचा लोकरी माल आणि तिबेटी विक्रेत्यांची हिवाळी दुकाने तिथे सहज सापडतात. घरच्या गोधड्या मात्र जरूर न्याव्यात. रजईखाली एक आणि गादीवर एक घातली की झोप चांगली लागते.

स्वयंपाकघरातही बदल करावे लागतात. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली थिजते, म्हणून बाटलीऐवजी रुंद तोंडाची बरणी बरी. दही लागत नाही, इडलीचे पीठ फुगत नाही. भांडे रजईत गुंडाळून ठेवावे लागते. कपडे वाळायला दोन-दोन दिवस घेतात, म्हणून मुलांच्या गणवेशाचा एक जोड जास्त शिवून घ्यावा.

बंद खोलीतली शेगडी

इथपर्यंतच्या अडचणी निभावून नेता येतात. एका चुकीला मात्र क्षमा नाही. दारे-खिडक्या घट्ट लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपल्यामुळे उत्तरेत दर हिवाळ्यात माणसे दगावतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझरही तितकाच घातक ठरतो.

म्हणून झोपायच्या खोलीत शेगडी नकोच. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना जाणवली, तर सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि डॉक्टरांना गाठावे. विजेचा हीटर त्या मानाने सुरक्षित, पण तो पडदे आणि पांघरुणापासून दूर हवा आणि त्याला मोठा प्लग हवा. दोन हजार वॅटचा हीटर तासभर सलग तापला तर दोन युनिट वीज खातो. झोपण्यापूर्वी खोली उबदार करावी आणि हीटर बंद करूनच अंथरुणात शिरावे.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यातच दिल्लीची हवा हिवाळ्यात धुराने जड झालेली असते. पहाटे पाचला फिरायला जाण्याची पुण्यातली सवय आजोबांनी तिथे सोडावी आणि उन्हं आल्यावर बाहेर पडावे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

शक्य असेल तर सामान ऑक्टोबरातच हलवावे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, काही रद्दही होतात. शिवाय नोव्हेंबरची हलकी थंडी अंगवळणी पडली की जानेवारीची तेवढी जाचत नाही. 'होळी जळाली, थंडी पळाली' हे दिल्लीतही बहुतेक खरे ठरते. तोवर लाल गाजरांचा हलवा, कोवळे मटार, गजक-रेवड्या आणि गच्चीवरचे ऊन या उत्तरेच्या हिवाळ्याच्या चांगल्या बाजूही नव्या घराने चाखून बघाव्यात.