कोपराची कुंडली

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला की लगेच एक दुसरा हंगाम सुरू होतो. मैदाने ओस पडतात आणि वदंतांना ऊत येतो. करारातून मोकळा झालेला अमुक पिचर तमुक संघाच्या नजरेत आहे, असे ‘विश्वसनीय सूत्रां’च्या हवाल्याने सांगितले जाते, पुढच्याच वाक्यात त्याच्या दुखापतींची यादी येते. कोपर, खांदा, पाठ, बुडालेले महिने. ही यादी ज्या रीतीने वाचली जाते, त्या रीतीला आमचा आक्षेप आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक. खेळाचे जाणकार असल्याचा आमचा दावा नाही. परंतु एखादा दस्तऐवज इतिहास म्हणून वाचावा की भविष्य म्हणून, हा प्रश्न आमच्या वर्गातलाच आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. क्रिकेटमधील गोलंदाजाप्रमाणे पिचर धावत येत नाही. तो जागच्या जागी अंगाला पीळ देऊन, कोपर वाकवून चेंडू भिरकावतो. आज ताशी ९५ मैलांचा वेग तेथे नवलाचा राहिलेला नाही. त्या फेकीचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. तो तुटला की शरीरातील दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध काढून तेथे बसवावा लागतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी ही शस्त्रक्रिया टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि रुग्णाचेच नाव तिला कायमचे चिकटले.

‘फ्री एजन्सी’ची कथाही याच काळातली. त्यापूर्वी करार संपला तरी खेळाडू संघाच्या मालकीचाच राही. कर्ट फ्लड या खेळाडूने या प्रथेला न्यायालयात आव्हान दिले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाच्या निर्णयाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोघे मुक्त झाले आणि प्रथा मोडली. हे दोघेही पिचरच होते. पुढे १९७६ च्या करारनाम्याने नियम ठरला की, मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाल्यावरच खेळाडूने बाजारात उतरावे.

या सहा वर्षांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पिचरचा हात सर्वांत ताजा असतो तो याच काळात, आणि त्याला मोबदलाही याच काळात सर्वांत कमी मिळतो. तो मोकळा होतो तेव्हा हात बराच वापरून झालेला असतो. ज्यांच्या चाकरीत दुखापत झाली, त्यांच्याच पंगतीतले लोक मग ती दुखापत त्याच्या खात्यावर उणे म्हणून मांडतात. म्हणजे यादीतील प्रत्येक नोंद ही आधी कोणाच्या तरी कामी आलेल्या श्रमाची नोंद असते. वदंतांच्या भाषेतून नेमकी हीच गोष्ट वगळली जाते.

आता दोन पिचरांची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवू. स्टीफन स्ट्रॅसबर्ग आणि जेकब डीग्रॉम या दोघांवरही २०१० सालीच टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. स्ट्रॅसबर्गला त्याच्या संघाने, वॉशिंग्टन नॅशनल्सने, फार जपले. २०१२ च्या सप्टेंबरात संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असतानाही डावांची ठरवलेली मर्यादा गाठली म्हणून त्याला विश्रांती दिली गेली. २०१९ मध्ये तो जवळजवळ निर्दोष होता. नियमित हंगामात २०९ डाव, त्यानंतरच्या बाद फेरीत आणखी ३६, आणि वर्ल्ड सीरिजमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान. तो करारातून बाहेर पडला आणि त्याच संघाने त्याला सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. त्यानंतर तो एकूण आठ सामने खेळला. हाताच्या नसांवर दाब येण्याच्या विकाराने त्याला संपवले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याची निवृत्ती अधिकृत झाली.

डीग्रॉमचे प्रकरण याच्या उलट. २०१८ आणि २०१९ असा लागोपाठ दोनदा ‘साय यंग’ पुरस्कार मिळवलेला हा पिचर २०२१ च्या अर्ध्या हंगामानंतर मैदानावर दिसलाच नाही. २०२२ मध्ये खांद्याच्या हाडावरील ताणामुळे तो अवघे ११ सामने खेळला. वय ३४. तरीही त्या डिसेंबरात टेक्सस रेंजर्सने त्याच्याशी पाच वर्षांचा, १८ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. २०२३ मध्ये सहा सामन्यांनंतर त्याच कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणणाऱ्यांचा तो सुकाळ होता. गंमत अशी की, त्याच वर्षी रेंजर्सने त्याच्याविना वर्ल्ड सीरिज जिंकली. आणि २०२५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, डीग्रॉम ३० सामन्यांत उतरला व १७२ डाव टाकून गेला.

ज्याची पाटी करारापूर्वीच्या हंगामात स्वच्छ होती तो कोसळला. ज्याची भरलेली होती तो आधी कोसळला आणि मग उभा राहिला. यावरून दुखापतींची यादी निरर्थक ठरते असे आम्ही म्हणणार नाही. एकदा दुखावलेला सांधा पुन्हा दुखावण्याचा संभव अधिक असतो, हे कोणीही वैद्य सांगेल. आमचे म्हणणे इतकेच की यादी शक्यता सांगते, निकाल सांगत नाही; आणि शक्यतेचेही वाचन तपशिलाने करावे लागते. कोपर आणि खांदा एक नव्हेत. तुटलेला अस्थिबंध आणि आखडलेला स्नायू एक नव्हेत. दुखापतीनंतर फेकीची तऱ्हा, वेग, विश्रांतीचे दिवस यांत काय बदलले, हे विचारल्याविना बुडालेल्या दिवसांची नुसती बेरीज करणे म्हणजे कादंबरीची पाने मोजून तिचे परीक्षण लिहिणे होय.

आर. ए. डिकीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९६ मध्ये रेंजर्सने त्याला पहिल्याच फेरीत निवडले आणि ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले. एका मासिकाच्या मुखपृष्ठावरील छायाचित्रात त्याचा हात विचित्र लोंबताना दिसला, म्हणून तपासणी झाली. त्याच्या उजव्या कोपरात तो अस्थिबंध मुळातच नव्हता. रक्कम ७५ हजारांवर आली. हाच डिकी पुढे ‘नकलबॉल’ हा मंद, डुलणारा चेंडू शिकला आणि २०१२ साली त्याने साय यंग पुरस्कार मिळवला. तपासणी खोटी नव्हती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा होता. स्वतः टॉमी जॉनही दुरुस्त कोपर घेऊनच १९७८ मध्ये यँकीजकडे गेला आणि पुढच्या दोन हंगामांत त्याने २१ व २२ विजय मिळवले.

यावर संघाची बाजू मांडता येईल. कोट्यवधी डॉलर मोजणाऱ्याने डोळे मिटून सही करावी काय? मुळीच नाही. पण जोखीम तोलण्याचा सरळ मार्ग करारातच आहे. २००९ च्या डिसेंबरात बोस्टन रेड सॉक्सने जॉन लॅकीशी करार करताना त्याच्या कोपराची शंका कलमात लिहिली. त्या कोपरामुळे दीर्घकाळ खेळता आले नाही, तर २०१५ मध्ये किमान वेतनावर त्याला खेळवण्याचा हक्क संघाला राहील, असे ठरले. शस्त्रक्रियेमुळे लॅकीचा २०१२ चा हंगाम बुडाला, आणि २०१३ मध्ये वर्ल्ड सीरिजचा निर्णायक सामना त्यानेच जिंकून दिला. मध्यंतरी संघ बदलला तरी कलम टिकले. २०१५ मध्ये तो सेंट लुईसकडून त्या किमान वेतनावर २१८ डाव टाकून गेला. अट कठोर होती, पण ती उघड होती आणि दोन्ही पक्षांनी सही केलेली होती. कुजबुजीला कोणाचीच सही नसते. तिच्यामागे भाव पाडू पाहणारा संघ आहे की चढवू पाहणारा दलाल, हे वाचकाला कळत नाही.

शिवाय या कुजबुजीत विशेषणे शिरतात. पिचर ‘नाजूक’ ठरतो, ‘भरवशाचा नाही’ असे म्हटले जाते. शरीरावरचा घाव पाहता पाहता स्वभावाचा दोष होऊन बसतो. लेखकाच्या आजारपणावरून त्याच्या लेखनाचा निकाल लावणाऱ्या समीक्षेची विद्यार्थ्यांना जी उणीव आम्ही दाखवतो, तीच ही. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाढत्या दुखापतींचा संबंध अधिकाधिक वेगाच्या आणि प्रत्येक चेंडूला सर्वस्व पणाला लावण्याच्या हव्यासाशी जोडलेला आहे. हा वेग मागतो कोण, निवडीत आणि बढतीत त्याचे मोल करतो कोण? पिचर एकटा नव्हे.

डीग्रॉमला आणि स्ट्रॅसबर्गला निदान पैसे मिळाले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणूनच ज्यांचे कोपर सहा वर्षे भरण्याआधीच गेले, त्यांची आठवण ठेवायला हवी. त्यांच्याविषयी वदंता उठत नाही, कारण त्यांना बाजारच दिसला नाही. एखाद्या पिचरच्या दुखापतींची यादी छापताना त्याने कोणासाठी, किती वर्षे, किती डाव टाकले आणि त्याबद्दल त्याला काय मिळाले, हेही शेजारी छापावे, अशी आमची अपेक्षा आहे. तोवर अशी प्रत्येक यादी आम्ही अर्धीच समजू.