घुग्घुसची हवा आणि 'लागोपाठ'चा अर्थ

या वीकेंडला परत लॉजिक. पण घाबरू नका, या वेळी कोड नाही, धूळ आहे.

चंद्रपूरजवळचं घुग्घुस. कोळसा खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न आणि या सगळ्यांचे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण होते. (इथे गुण जास्त म्हणजे नापास. ७० च्या वर गेलात की अतिप्रदूषित.)

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला हवेची राष्ट्रीय मानकं आली. पीएम १०, म्हणजे बारीक धूळ, २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. वर्षातले ९८ टक्के वेळा हे पाळायचं. उरलेले २ टक्के ओलांडलं तर चालेल, पण निरीक्षणाच्या लागोपाठ दोन दिवशी नाही.

वाचायला सोपं आहे. आता हेच मशीनला सांगा बघू.

वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, किमान १०४ नमुने घ्या, असंही तिथेच लिहिलंय. १०४ चे २ टक्के २.०८, म्हणजे दोनदा माफ. समजा सोमवारी १४० आलं, गुरुवारी १३०, आणि बाकी वर्ष स्वच्छ. पास की नापास?

'लागोपाठ' म्हणजे कॅलेंडरवरचे शेजारचे दिवस धरले तर पास. नुसतं पास नाही, कायमचं पास! सोमवार-गुरुवार मोजणाऱ्या केंद्रावर शेजारचे दोन दिवस कधी मोजलेच जात नाहीत, मग अट मोडणार कशी? माझ्या बागेतले सगळे हत्ती निळे आहेत, तसलं हे रिकामं सत्य. (बागही नाहीये.) लागोपाठचे दोन नमुने असा अर्थ धरला, तर नापास.

माझं मत दुसऱ्या अर्थाला. 'निरीक्षणाच्या' हा शब्द उगाच घातलेला नाही, आणि जी अट मोडताच येत नाही ती लिहायची कशाला? चांगली मॉडेल चेकिंग टूल्स 'पास' म्हणून थांबत नाहीत, अट रिकामीच पास झाली का तेही बघतात. आपल्या अहवालांत हा रकाना हवा.

आणखी एक. सगळ्या चिमण्या पास, म्हणून गावाची हवा पास, हे अनुमानच चुकीचं. उघड्या खाणीला आणि रस्त्यावरच्या ट्रकला चिमणी नसते. दोन्ही तपासण्या वेगळ्या चालवा आणि निकाल नगर परिषदेच्या फळ्यावर लावा. फॉर्म्युला नको, फक्त 'लागोपाठ'चा कोणता अर्थ धरला तेवढं खाली लिहा.