घर्षणाचं 'गर्शना' होतं तेव्हा

मंडळी, आज जरा खरडपट्टी काढणार आहे. विषयच खरडण्याचा आहे म्हणा ना!

'ड्राय ब्रशिंग' नावाचा प्रकार आता आमच्या सोसायटीतही येऊन पोचला. आंघोळीआधी कोरड्या अंगावर ताठ केसांचा ब्रश पावलांपासून हृदयाच्या दिशेने फिरवायचा. एवढंच असतं तर मी कळफलकाला हात लावला नसता. वरची मृत त्वचा निघते, अंगाला तरतरी येते. खुशाल करा. दिवसभर घरच्यांसाठी राबणाऱ्या बाईने पाच मिनिटं दार लावून स्वतःकडे लक्ष दिलं, तर बिघडलं कुठे? माझं भांडण ब्रशशी नाही, त्याच्या खोक्यावरच्या मजकुराशी आहे.

म्हणे, 'शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात.' कोणती हो? एकाचं तरी नाव सांगा! रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं करतात, नको ते पदार्थ निकामी करायचं काम यकृत करतं. दोघं रात्रंदिवस बिनबोभाट राबतात आणि श्रेय घेतो ब्रश.

पुढे म्हणे, 'लसीकेचा प्रवाह सुधारतो.' लसीका पुढे सरकते ती स्नायूंच्या हालचालीने, श्वासाने आणि लसीकावाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनाने. त्यासाठी अर्धा तास चालून यावं, फुकट आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचा हात सुजतो. त्यांना प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट मसाज देतात, पण तो अगदी हलक्या हाताने. तिथे ताठ ब्रश म्हणजे ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण.

मांड्यांवरच्या खळ्या, म्हणजे ते सेल्युलाइट, ब्रशने जातात असंही छापलेलं असतं. त्या खळ्या त्वचेखालच्या चरबीच्या आणि तंतूंच्या ठेवणीमुळे पडतात. बहुतेक सगळ्या प्रौढ बायकांना त्या असतात. तो आजार नव्हेच. आधी मुलींना स्वतःच्या अंगाची लाज वाटायला लावायची, मग त्या लाजेवर औषध विकायचं!

आणि सगळ्यात वर शिक्का: 'प्राचीन आयुर्वेदिक गर्शना'. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे हे फारच टोचलं. मूळ शब्द 'घर्षण'. परदेशातल्या स्पांमध्ये फिरून आला तो 'घ'चा 'ग' करून. महाप्राणच गेला! वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग आहे, उद्वर्तन आहे, आणि उद्वर्तनाने मेद कमी होतो असंही म्हटलं आहे. पण ते त्या शास्त्राच्या कफ-मेदाच्या हिशेबात. विषद्रव्यं आणि लसीकेच्या या जाहिरातीला वाग्भटाची साक्ष कशाला? आपल्याकडे नरकचतुर्दशीला आधी तेल चोळतात आणि मग उटणं लावतात. कोरडं अंग खरवडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आजी, एवढं चिडायला काय झालं? सांगते. आमच्या शेजारच्या वहिनींना बरीच वर्षं मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झालेली. नातीने कौतुकाने ब्रश पाठवला. वहिनींनी मन लावून पाय घासले. नडगी सोलवटली ते त्यांना कळलंच नाही. जखम भरायला अडीच महिने लागले. ते खोकं मी चष्मा लावून चारी बाजूंनी वाचलं. विषद्रव्यांवर सहा ओळी होत्या, मधुमेहातला 'म'सुद्धा नव्हता.

उतारवयात त्वचा पातळ आणि कोरडी होते. तिला घासणी नको, स्निग्धता हवी. तेव्हा परगावच्या नातवंडांनो, आजीला काही पाठवायचंच असेल तर खोबरेल तेलाची बाटली पाठवा. आणि सुट्टीत आलात की तिच्या पायांना ते स्वतःच्या हाताने लावा. लावता लावता कुठे जखम नाही ना, तेही बघून घ्या.