कारीट आणि करंजी

शिरूर-दौंडकडच्या आमच्या वाचनप्रेमी मंडळींची 'कोसला'बद्दल एक ठरलेली तक्रार आहे. म्हणे, निम्मे पुस्तक पोट धरधरून हसवले आणि मग मनी मारली! हसायला बसलेल्या माणसाला असे फसवावे काय?

या तक्रारीला माझा साफ विरोध आहे.

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ सालची. लेखक तेव्हा पंचविशीतले. त्यांचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो आणि वसतिगृह, प्राध्यापक, स्नेहसंमेलन, सगळ्यांची टर उडवतो. अशी पोरे आजही मनमाडकडच्या गाडीने दौंडवरून पुण्याला जातात. माझ्या शिरूरच्या वर्गातली एस.टी.ने जातात. परक्या शहरात थट्टा हेच त्यांचे चिलखत. मग पांडुरंगची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. ज्याने साऱ्या जगाची टिंगल केली, त्याला या एका गोष्टीची करता येत नाही. आधीचे हसणे नसते, तर हे मरण आपल्याला इतके लागलेच नसते. पहिल्या पानापासून गळा काढणाऱ्या कादंबऱ्यांतली मरणे आपण दुसऱ्या दिवशी विसरतो.

आणि देवी काय सांगून येत होती? आपल्या देशात तिचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. तोवर तिने ज्या घरांतली लेकरे नेली, त्या घरांत आदल्या दिवशी कोणी हसतच नव्हते काय?

रसभंगाचे म्हणाल, तर गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीरामाला हसणारे प्रेक्षकच सिंधूसाठी डोळे पुसत आले. आमच्या जत्रेतल्या तमाशात बतावणीला खदखदणारा शेतकरी वगात उपरण्याने डोळे टिपतो. तिकिटाचे पैसे काही परत मागत नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण हसण्याचे कपाट वेगळे नि रडण्याचे वेगळे, ही वाटणी मला शिकलेल्यांतच दिसली.

वाचकहो, नरकचतुर्दशीला कडू कारीट फोडून जिभेला लावायचे आणि मग करंजी खायची, ही आपल्याकडची जुनी रीत. 'कोसला'त क्रम उलटा, इतकेच. दिवाळीला पुण्याहून आलेले तुमचे पोर फारच थट्टामस्करी करीत असेल, तर खुशाल हसा. पण फराळ आटोपल्यावर त्याला जवळ बसवून एवढे विचारा : 'बाळ, बरा आहेस ना?'